शस्त्राची पाठवणी

कर्वेनगरच्या कोणत्याही गल्लीत सायंकाळी घटकाभर उभे राहिले, तर पाठीवर अवजड पिशवी अडकवलेले पाच-सात दुचाकीस्वार तरुण सहज नजरेस पडतात. १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या ओसाड माळावर अनाथ बालिकाश्रमाची झोपडी उभारली, तेव्हा शहरातून तेथवर पायी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज त्याच परिसरात चष्म्यापासून धुलाईयंत्रापर्यंत सर्व काही घरपोच येते आणि येथून दिवाळीचा फराळ सातासमुद्रापार रवाना होतो. वस्तू बांधावी, वर पत्ता लिहावा, पैसे भरावेत आणि पावती घेऊन घरी परतावे, ही रीत मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, अशा रीतीने पाठवता न येणारीही एखादी वस्तू घरात असू शकते, याचे भान राहत नाही.

एखाद्या घराचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जाणारा रस्ता येथून जवळ. सैन्यातून निवृत्त होऊन स्थायिक झालेली कुटुंबे या भागात पुष्कळ. अशा घरातील वडीलधारे गृहस्थ निवर्तले. मागे राहिली सदनिका, बँकेतील ठेवी, भिंतीवरची पदके आणि कपाटात गवसणीत जपून ठेवलेली बारा बोअरची दुनळी बंदूक. सदनिकेचे काय करायचे ते वकील सांगतो, ठेवींचे बँक सांगते. बंदुकीविषयी कुणीच काही सांगत नाही. थोरला मुलगा बंगळुरूला, मुलगी नागपूरला. दिवसकार्य आटोपून निरवानिरव चालू असताना कुणीतरी सहज बोलून जातो, "दादाला हवी आहे ना बाबांची आठवण? मग नीट बांधून कुरियरने पाठवून देऊ. वर 'यंत्राचे सुटे भाग' असं लिहिलं म्हणजे झालं."

बोलणारा मनुष्य सज्जन असतो. कर वेळेवर भरणारा, रांगेत उभा राहणारा. तरीही त्याच्या या दोन वाक्यांत शस्त्र कायद्याचा भंग आहे, मालवाहतुकीच्या कायद्यानुसार खोटी घोषणा आहे, आणि याहून गंभीर बाब म्हणजे, पिशवी पाठीवर घेऊन गल्लीतून जाणाऱ्या त्या तरुणाला नकळत तुरुंगाच्या दारात उभे करण्याची तयारी आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्यावाचून बंदूक मिळवता, बाळगता अथवा जवळ घेऊन फिरता येत नाही. याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, आणि संपूर्ण विषयाची किल्ली त्यात आहे. स्वतःकडे परवाना नसलेली व्यक्ती दुसऱ्याची बंदूक नेऊ शकते. मात्र परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. बाराव्या कलमाने शस्त्रांच्या वाहतुकीवर परवान्याचे बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे आणि १५ जुलै २०१६ रोजी जारी झालेल्या शस्त्र नियमांत वाहतुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजे शस्त्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊच नये, असे कायदा म्हणत नाही. कारखान्यातून विक्रेत्याकडे आणि एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे शस्त्रे जातच असतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काम करतो आहे. तेथील माल काही कारखान्याच्या कुंपणातच पडून राहत नाही. कायद्याचे म्हणणे इतकेच की, प्रवासाच्या प्रत्येक क्षणी त्या शस्त्राला कुणीतरी जाणता धनी असला पाहिजे.

मराठीत पाठवणी हा शब्द मुलीच्या संदर्भात वापरला जातो. नवरीला एकटीला सासरी धाडीत नसत. बरोबर पाठराखीण जात असे. माहेरचा उंबरठा सुटल्यापासून सासरचा ओलांडेपर्यंत तिची जबाबदारी एका जाणत्या बाईकडे असे आणि ती बाई कोण, हे दोन्ही घरांना ठाऊक असे. कायद्याला शस्त्राची पाठवणी अशीच अपेक्षित आहे. कुरियरच्या प्रवासात पाठराखीण नसते. पार्सल पाच हातांतून जाते आणि पाचांपैकी एकालाही आत काय आहे, हे माहीत नसते. म्हणूनच बहुतेक कुरियर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत शस्त्रे व काडतुसे असतात. ही यादी पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती वाचण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

पुण्यापासून फार दूर न जाताही हे पाहता येते. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या हद्दीत, दिघी येथे एका कुरियर कंपनीच्या गोदामात लाकडी खोकी क्ष-किरण यंत्रातून जात असताना आतील आकृती पाहून कर्मचाऱ्यांना संशय आला. खोकी उघडली तेव्हा ९७ तलवारी, दोन कुकऱ्या आणि नऊ म्याने बाहेर आली. माल अमृतसरहून निघालेला होता आणि त्यातील बहुतांश तेव्हाच्या औरंगाबादला जायचा होता. त्याआधी काहीच दिवसांपूर्वी खुद्द औरंगाबादेतही कुरियरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या, आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका मोटारीतून ८९ तलवारी हस्तगत झाल्या.

या प्रकरणांत कुणाचा कोणता हेतू होता, हे ठरवणे न्यायालयांचे काम आहे. परंतु एक गोष्ट स्वतःच्याच मंडळींना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तलवार आपल्या देव्हाऱ्याशी जोडलेली आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते, शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती मिरवते, सत्कारात ती भेट दिली जाते. या श्रद्धेपोटी पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की, तलवार म्हणजे शोभेची वस्तू. ती मागवायला कसला परवाना आणि कसली चौकशी? प्रत्यक्षात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या अनुसूचीत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची अवजारेच काय ती वगळलेली आहेत. उत्सवासाठी बोथट, लाकडी अथवा पत्र्याची प्रतिकृती पुरते. धारदार पात्यांची पन्नास नगांची मागणी संगणकावर नोंदवून ती कुरियरने मागवणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याला 'आमचा हेतू शुद्ध होता' एवढे उत्तर पोलीस ठाण्यात पुरेसे पडणार नाही, आणि पडूही नये. तोच नियम समोरच्या गल्लीतील मंडळालाही लागू करावा, अशी आपली अपेक्षा असते. मग आधी तो स्वतःला लावून घेतलेला बरा.

दिघी या नावाचा योगायोग विलक्षण आहे. याच नावाचे एक बंदर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात आहे. जानेवारी १९९३ मध्ये तस्करीचा माल तेथे उतरला आणि त्यापाठोपाठ फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके व शस्त्रे उतरवली गेली. दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. अडवला आणि पैसे ठरवून सोडूनही दिला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे घडले, त्यात २५७ जणांचे प्राण गेले. खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातील माणसेही दोषी ठरली. एका दिघीला यंत्रासमोर बसलेल्या पगारदार कर्मचाऱ्याने खोके बाजूला काढले. दुसऱ्या दिघीहून निघालेली वाहने वर्दीतल्या माणसांनी वाट मोकळी करून पुढे जाऊ दिली. दोन्ही ठिकाणी कायदा तोच होता आणि तपासणीही झाली होती. तपासणाऱ्याच्या हाती काय सोपवलेले आहे, हे त्याला स्वतःला किती समजले होते, एवढाच काय तो फरक.

शस्त्रबंदीचा इतिहास मात्र केवळ सुरक्षेचा नाही आणि तो विसरून चालणार नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन याच्या कारकिर्दीत जो शस्त्र कायदा झाला, त्याने भारतीयांना परवान्याच्या साखळीत जखडले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा म्हणून पुढे सर्व मतांच्या नेत्यांनी त्याचा धिक्कार केला; खुद्द गांधीजींनीही इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत त्याची गणना केली. त्या काळात शस्त्र पाठवायचे तर ते लपवूनच पाठवावे लागे. १९०९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून. त्यांतीलच एका पिस्तुलाने त्या वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला.

कोलकात्याची १९१४ ची घटना तर थेट मालवाहतुकीचीच आहे. रॉडा आणि कंपनी ही तेथील शस्त्रास्त्रांची इंग्रज पेढी. २६ ऑगस्ट १९१४ रोजी तिच्या नावे आलेल्या खोक्यांचा ताबा सीमाशुल्क कार्यालयातून घेण्यासाठी कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र गेला. बैलगाड्या भरल्या, बहुतेक गाड्या कंपनीच्या गोदामात पोचल्या आणि एक गाडी वाटेतच वळली. तिच्यासोबत ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती गेली. अवघ्या पोलीस दलाचे धाबे दणाणले. तरीही पुढील काही वर्षांत यांतील बरीच पिस्तुले सरकारला परत सापडली, कारण प्रत्येकावरील क्रमांकाची नोंद उपलब्ध होती.

या दोन्ही प्रसंगांकडे आज अभिमानाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या अभिमानातून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाऊ नये. तो कायदा परक्यांनी आपल्यावर लादला होता. १९५९ चा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला आणि वंशभेदाची ती जुनी व्यवस्था त्याने निकालात काढली. पेटीच्या दुहेरी तळाची आज कुणाला गरज असेल, तर तो ज्यांच्यासाठी हा कायदा केला त्यांच्यापैकीच एक होय. क्रमांकाचा धडा मात्र दोन्ही काळांना सारखाच लागू पडतो. आज प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतील स्वतंत्र ओळख क्रमांक असतो आणि शस्त्रावरील क्रमांक खोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्र कोणाकडून कोणाकडे गेले, हे कागदावर सापडले पाहिजे. कुरियरच्या खोक्यावर 'यंत्राचे सुटे भाग' लिहिणारा सज्जन गृहस्थ नेमका हाच दुवा तोडत असतो.

नागरिकाच्या शस्त्रस्वातंत्र्याचा उदोउदो करणाऱ्या अमेरिकेलाही हा धडा फार महागात पडला. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने नियतकालिकातील जाहिरातीवरून आलेल्या मागणीनुसार एक इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल टपालाने डॅलसच्या एका टपालपेटीवर धाडली. दुर्बीण आणि टपालखर्च धरून किंमत २१ डॉलर ४५ सेंट. मागणीवरचे नाव खोटे होते. घेणारा होता ली हार्वी ऑस्वाल्ड, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत तीच रायफल वापरली गेली. पिस्तुले टपालाने पाठवण्यास तेथे १९२७ पासून निर्बंध होता; रायफल मात्र एखाद्या सदऱ्यासारखी घरपोच येत असे. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, तेव्हा कुठे शस्त्रनियंत्रणाचा कायदा झाला. त्याने परप्रांतातील खासगी माणसाच्या दारात थेट बंदूक धाडण्याची वाट बंद केली. ती परवानाधारक विक्रेत्याकडे जावी आणि त्याने खातरजमा करून हाती द्यावी, अशी रीत पडली.

त्या अमेरिकन कायद्यात एक बारकावा आहे, तो आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. परवाना नसलेल्याकडे शस्त्र पाठवताना वाहतूकदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे. पण आत शस्त्र आहे असे खोक्याच्या बाहेर लिहिण्याची सक्ती वाहतूकदाराला करता येत नाही. कारण उघड आहे. बाहेर 'बंदूक' असे लिहिलेले खोके वाटेत चोरीला जायला किती वेळ लागेल? ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याला ती काय आहे हे ठाऊक असावे आणि रस्त्यावरच्या चोराला ठाऊक नसावे. आपल्याकडे, दुर्दैवाने, बहुधा याच्या अगदी उलट घडते. तेथील मोठ्या खासगी वाहतूक कंपन्यांनीही अलीकडच्या वर्षांत आपले नियम आवळले असून सामान्य व्यक्तीकडून बंदुकीचे पार्सल स्वीकारणे जवळपास बंद केले आहे. स्वातंत्र्याच्या गप्पा एका बाजूला आणि विम्याचा हिशेब दुसऱ्या बाजूला, असा हा व्यवहार आहे!

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. कर्वेनगरहून तासाभराच्या अंतरावर म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभे राहिले आणि तेथील नेमबाजी केंद्राने महाराष्ट्राला एक पिढी दिली. अंजली भागवत यांच्यापासून सुरू झालेली ही परंपरा २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबत आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्यापर्यंत येऊन पोचते. कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीस लागलेले. मध्यमवर्गीय आणि ग्रामीण घरांतून आलेल्या या मुलामुलींना आपले शस्त्र घेऊन देशभर फिरावे लागते. कधी रेल्वेने, कधी विमानाने.

विमानाचा नियम सुस्पष्ट आहे. शस्त्र प्रवाशाजवळ ठेवता येत नाही. खिडकीवर आधी सांगायचे, मूळ परवाना दाखवायचा, ते रिकामे असल्याची खात्री पटवायची आणि सामानकक्षात द्यायचे. काडतुसे वेगळी बांधायची आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका प्रवाशामागे त्यांचे वजन पाच किलोंहून अधिक असता कामा नये. येथे शस्त्राबरोबर त्याचा धनी प्रवास करतो, म्हणून ही व्यवस्था चालते. अडचण येते ती धनी बरोबर नसताना. रायफलचा एखादा भाग दुरुस्तीला पाठवायचा आहे, नवे शस्त्र दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून यायचे आहे, संघ एका गाडीने आणि साहित्य दुसऱ्या गाडीने जायचे आहे. अशा वेळी पार्सल खिडकीवरील माणूस नियमावली न उघडता मान हलवतो. त्याला एअर रायफल आणि एके-४७ सारखीच. २० जूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ०.१७७ इंचापर्यंत नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. पोलीस ठाण्यात विचारावे तर तेथील हवालदार सांगतो की, आयुक्तालयात विचारा. आयुक्तालयातील लिपिक म्हणतो, वाहतूक कंपनीला विचारा. अखेरीस वैतागलेला पालक मुलीची रायफल पाठीला लावतो आणि दोन दिवसांची रजा टाकून स्वतःच गाडीत बसतो. कायदा पाळणाऱ्याला रजा पडते आणि न पाळणाऱ्याचे खोके रातोरात पोचते, ही स्थिती कोणत्याही शासनाला शोभणारी नाही.

म्हणून मागणी आहे ती उत्तराची. शासनाने नवे कायदे करावेत, अशी निकड नाही. असलेल्या नियमांचा एक सुबोध मराठी गोषवारा प्रत्येक पोलीस ठाण्यात, पार्सल कार्यालयात आणि परवाना शाखेत लावावा. कोणत्या वस्तूला वाहतुकीचा परवाना लागतो, तो कोण देतो, किती दिवसांत देतो आणि नाकारल्यास लेखी कारण कसे मिळते, एवढे तरी त्यात असावे. परवानाधारक विक्रेत्याने दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र धाडावे आणि मालकाने आपल्या गावी ते परवाना दाखवून सोडवून घ्यावे, असा मार्ग सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने खुला करता येईल. वाहतुकीची जबाबदारी मोजक्या, पारखून घेतलेल्या वाहतूकदारांकडे द्यावी आणि बाकीच्यांना मनाई ठेवावी. कुरियर कंपन्यांनीही क्ष-किरण यंत्र आणि पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची नोंद या बाबी खर्च म्हणून टाळू नयेत. शस्त्र कायद्यातील गुन्हा कंपनीकडून घडला, तर तिचा कारभार पाहणारे अधिकारीही त्यास जबाबदार ठरतात, हे त्यांच्या संचालकांना ठाऊक असेलच.

आणि तो दुचाकीवरचा तरुण? २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार मालाचे वर्णन खरे असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले आहे की, शस्त्र बाळगल्याचा गुन्हा ठरण्यासाठी ते आपल्या ताब्यात असल्याची जाणीव असली पाहिजे. तेव्हा अखेरीस तो सुटेलही. पण हे 'अखेरीस' कधी येते? तोवर त्याची गाडी जप्त, नोकरी गेलेली, चौकशीच्या फेऱ्या चालू आणि गावाकडे आईला कुणीतरी सांगितलेले की, तुमचा मुलगा बंदुकीसह पकडला गेला. मराठवाड्यातून वा खानदेशातून आलेला, चौघांत एक खोली घेऊन राहणारा हा मुलगा. त्याच्या पाठीवर आपण काय ठेवतो, हे त्याला सांगण्याचे सौजन्य आपल्या अंगी नसेल, तर आपल्या सुसंस्कृतपणाचा डौल कशाच्या बळावर मिरवायचा?

राहता राहिले ते कर्वेनगरचे घर आणि कपाटातली बंदूक. तिच्यासाठीचा मार्ग लांबचा असला तरी आखलेला आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती घरात ठेवण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. काडतुसेही, टेबलाच्या खणातली, जुन्या बॅगेच्या कप्प्यातली, सर्व मोजून. विमानतळावर एखाद्या निरुपद्रवी प्रवाशाच्या सामानात अवचित काडतूस निघते, ते पुष्कळदा अशाच वडिलोपार्जित बॅगेतून आलेले असते. जमा करताना शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्यावी. बंगळुरूच्या मुलाला ती बंदूक हवी असेल, तर त्याने इतर वारसांची ना-हरकत घेऊन आपल्या शहरात वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करावा. वडील हयात असतानाही, त्यांच्या वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगून झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, वारसाच्या नावे परवाना मागण्याची सोय नियमांत आहे. ती बहुतेक घरांना माहीतच नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, हेही ध्यानात असावे. बंदूक विकायची असेल, तर परवानाधारक ग्राहक शोधून सरकारला लेखी कळवावे आणि किमान ४५ दिवस थांबावे.

परवाना हाती आला की, मुलाने तो घेऊन पुण्याला यावे, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे पावती दाखवावी, क्रमांक ताडून पाहावा आणि बंदूक स्वतः घेऊन जावे. मात्र वाटेतील राज्ये परवान्याच्या क्षेत्रात येतात ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. येत नसल्यास वाहतुकीची परवानगी आधी मिळवावी. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवले अथवा विकले नाही, तर ते सरकारजमा होते. तेव्हा ती मुदत कोणत्या तारखेला संपते, हे ठाण्यातच विचारून पावतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे आणि पावतीची एक प्रत बंगळुरूला पाठवावी. ती कुरियरने गेली तरी चालेल.